कोळ्याचं सोंग घेणारा पतंग: ब्रेंथियाच्या पंखांवरची नक्षी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा पतंग नेमका कोणता?

शास्त्रीय नाव ब्रेंथिया हेक्सासेलेना. अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधातला, दिवसाढवळ्या पानांवर वावरणारा, पंख पसरले तरी जेमतेम सेंटिमीटरभर भरणारा. त्याचं कुळ कोर्यूटिडी. या कुळात जगभरात ४०० च्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या आहेत. पंखांवर धातूसारखे चकाकणारे ठिपके असतात म्हणून या पतंगांना मेटलमार्क मॉथ म्हणतात. मेटलमार्क नावाची फुलपाखरंही आहेत, पण त्यांचा यांच्याशी काही संबंध नाही. इंटरनेटवर शोधताना दोघांची हमखास सरमिसळ होते, एवढं लक्षात ठेवा.

ब्रेंथिया हे नाव १८६० मध्ये क्लेमेन्स या अमेरिकी अभ्यासकाने दिलं. त्याच्या जाती उत्तर अमेरिकेपासून आशियापर्यंत पसरल्या आहेत. हेक्सासेलेनाचं नाव जास्त ऐकू येतं, कारण कोस्टा रिकात या पतंगांवर जे प्रयोग झाले त्यांच्या चर्चेत हीच जात पुढे आली.

त्याच्या पंखांवर असतं तरी काय?

जमीन गडद तपकिरी. तिच्यावर फिकट, पांढरट रेषा आणि पट्टे. पंखाच्या बाहेरच्या कडेला काळे गोलसर डाग, आणि त्या डागांत किंवा त्यांना लागून रुपेरी, निळसर-जांभळट चमक मारणारे बारीक ठिपके. काळ्या गोलात चमकता ठिपका म्हटलं की काय आठवतं? प्रकाश पडलेला डोळा. मागच्या पंखांवरही गडद-फिकट पट्टे असतात आणि त्यांचं काम वेगळं आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

भिंग हातात घेऊन पाहिलं तर हे सगळं रंगकाम खवल्यांचं आहे हे दिसतं. एकेक खवला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, एकावर एक रचलेला. प्रत्येक खवल्याचा साधारण एकच रंग असतो. म्हणजे डोळ्याचा जो गोल आपल्याला गुळगुळीत वाटतो तो प्रत्यक्षात मोजक्या खवल्यांचा बनलेला असतो. सेंटिमीटरभर जागेत इतक्या थोड्या खवल्यांत डोळा, बुबुळ आणि बुबुळावरची चमक बसवलेली आहे. मला स्वतःला नकलेच्या गोष्टीपेक्षा ही काटकसरच जास्त थक्क करते.

मी फोटो पाहिला. मला त्यात कोळी-बिळी काही दिसला नाही. मग हे सगळं कशावरून?

बहुधा तुम्ही टाचणी लावलेल्या नमुन्याचा फोटो पाहिला असेल. संग्रहालयात पतंग ठेवायची पद्धत ठरलेली आहे: चारही पंख सपाट पसरायचे आणि वाळवायचे. ओळख पटवायला ते सोयीचं असतं. पण ब्रेंथियाच्या बाबतीत त्याने सगळी गंमतच जाते, कारण जिवंतपणी हा पतंग पंख तसे कधी धरतच नाही.

या जातीचं वर्णन १९०९ मध्ये एडवर्ड मेरिक यांनी केलं. हे इंग्लंडमधले शाळामास्तर. जगभरातून पाठवलेल्या वाळक्या नमुन्यांवरून त्यांनी सूक्ष्म पतंगांच्या हजारो जातींची वर्णनं लिहिली. ठिपक्यांची संख्या, जागा, रंग यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण तो ठिपका कोणाला, कोणत्या कोनातून दिसायचा आहे, हे वाळक्या पंखावरून कळणं शक्य नव्हतं. तिथून हा पतंग कोळ्याचं सोंग घेतो हे प्रयोगाने सिद्ध व्हायला जवळजवळ १०० वर्षं गेली.

मग जिवंतपणी तो बसतो कसा?

पुढचे पंख अंगापासून थोडे उचललेले आणि तिरके. मागचे पंख बाजूला फाकवून असे पिळलेले, की त्यांची पट्टेरी कड पुढच्या पंखांखालून बाहेर येते. ही बाहेर आलेली कड म्हणजे कोळ्याचे दुमडलेले पाय. पुढच्या पंखांवरचे चमकते गोल म्हणजे कोळ्याचे डोळे. मधला तपकिरी भाग म्हणजे अंग.

आणि तो स्वस्थ बसत नाही. दोन पावलं झटक्यात पुढे, थांबला. गर्रकन वळला, थांबला. पुन्हा झटका. उडी मारणारे कोळी पानावर अगदी असेच चालतात. एकसंध, संथ चाल नाहीच, सगळं तुकड्या-तुकड्यांत. एकदा चाल पाहिली की मग कोळी दिसायला लागतो आणि नंतर तो दिसेनासा करता येत नाही.

इतक्या प्राण्यांत उडी मारणाऱ्या कोळ्याचीच नक्कल का?

कारण या आकाराच्या, दिवसा पानावर बसणाऱ्या किड्याला सर्वांत मोठा धाक त्याचाच असतो.

हे कोळी जाळं विणून भक्ष्याची वाट पाहत बसत नाहीत. ते पानांवर फिरतात, भक्ष्य हेरतात, दबकत जवळ जातात आणि झेप घेतात. कोळ्यांमधलं हे सर्वांत मोठं कुळ, साल्टिसिडी. त्याच्या ६,००० हून अधिक जाती माहीत आहेत. त्यांचा सगळा कारभार नजरेवर चालतो. आठ डोळे असतात. बाजूचे डोळे फक्त एवढंच सांगतात की काहीतरी हललं. मग कोळी अंग वळवतो आणि समोरचे दोन मोठे डोळे त्या वस्तूवर रोखतो. या दोन डोळ्यांची भिंगं डोक्याला पक्की असतात, पण आतला नेत्रपटल एका नळीच्या टोकाशी असतो आणि स्नायूंनी हलतो. डोकं न हलवता कोळी समोरच्या वस्तूवरून नजर फिरवतो आणि ठरवतो: हे खायचं, की हा आपल्यातलाच?

या "आपल्यातला" ठरवण्यात दोन खुणांना फार महत्त्व असतं, बाजूला फाकलेले पाय आणि समोरचे मोठे डोळे. ब्रेंथियाच्या पंखांवर नेमक्या याच दोन खुणा आहेत. कोळ्याचं पोट, त्याची लव, त्याचे जबडे यांतलं फारसं काही नाही. ज्या खुणा कोळी वाचतो तेवढ्याच उतरवल्या आहेत.

कोळी खरोखर फसतो का, की ही फोटो पाहून रचलेली कथा आहे?

फसतो, आणि त्याचा प्रयोग झाला आहे. याद्रांका रोटा आणि डेव्हिड वॅग्नर यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका बंदिस्त जागेत उडी मारणारा कोळी सोडायचा, त्याच्याबरोबर कधी ब्रेंथिया, कधी तेवढ्याच आकाराचा दुसरा साधा पतंग, आणि काय होतं ते पाहायचं. साध्या पतंगांपैकी सुमारे ६२ टक्के पकडले गेले. ब्रेंथियांपैकी सुमारे ६ टक्के.

आकड्यांइतकीच बोलकी गोष्ट म्हणजे कोळ्यांचं वागणं. काही कोळ्यांनी ब्रेंथियाला पाहून पुढचे पाय वर उचलून हलवले. हे कोळी दुसऱ्या कोळ्याला "ही माझी जागा आहे" असं बजावताना करतात. भक्ष्यासमोर ते असलं काही करत नाहीत, भक्ष्यावर ते गुपचूप चालून जातात. पतंगाची चव आवडत नाही म्हणून किंवा तो दिसलाच नाही म्हणून कोळ्याने सोडला असता, तर पाय उचलायचं कारण नव्हतं. त्या क्षणी कोळ्याच्या लेखी समोर पतंग नव्हताच. नुसता "वाचला" असा निष्कर्ष काढला असता तर शंकेला जागा राहिली असती. पाय उचलल्यामुळे ती राहत नाही.

पण समोर दुसरा कोळी आहे असं वाटलं तरी तो हल्ला का करत नाही? कोळी तर कोळ्याला खातात.

खातात, अगदी खातात. पण बरोबरीच्या कोळ्याशी भिडणं म्हणजे उलटा हल्ला ओढवून घेणं. आधी पाय उचलून दम भरायचा, समोरच्याचा अंदाज घ्यायचा आणि शक्यतो भांडण टाळायचं, अशीच त्यांची रीत असते. या दम भरण्यात जे काही क्षण जातात तेवढे पतंगाला पुरतात.

फसवतं कोण, पंखांवरची नक्षी की ती चाल?

हा मला सर्वांत चांगला प्रश्न वाटतो. याचं सगळ्यांत नीट उत्तर पतंगावर नाही, एका माशीवर मिळालं आहे.

झोनोसेमाटा विटिगेरा ही अमेरिकेतली एक फळमाशी. तिच्या पारदर्शक पंखांवर गडद पट्टे असतात आणि ती पंख वर करून हलवते, कोळी पाय हलवतो तशी. १९८७ मध्ये ग्रीन, ऑर्सॅक आणि व्हिटमन यांनी तिच्यावर भन्नाट प्रयोग केला. त्यांनी माश्यांचे पंख कापले आणि डिंकाने पुन्हा चिकटवले, पण अदलाबदल करून. झोनोसेमाटाला घरमाशीचे पंख लावले: चाल आहे, नक्षी नाही. घरमाशीला झोनोसेमाटाचे पंख लावले: नक्षी आहे, चाल नाही. दोन्ही जणी उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या तावडीत सापडल्या. मग पंख कापल्यानेच काही बिघडलं नाही ना, हे तपासायला काही झोनोसेमाटांना त्यांचेच पंख कापून पुन्हा चिकटवले. त्यांच्यापुढून कोळी मागे हटले.

म्हणजे नुसती नक्षी उपयोगाची नाही आणि नुसता अभिनयही नाही. त्याच वर्षी स्नोबेरीवर वाढणाऱ्या दुसऱ्या एका फळमाशीवर मॅथर आणि रॉइटबर्ग यांचं कामही आलं आणि त्यांनाही कोळ्याच्या नकलेचाच पुरावा मिळाला. ब्रेंथियाच्या अभ्यासामागे ही पार्श्वभूमी होती. पंखांवरच्या डागांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून "बघा किती सारखे" म्हणणारे लेख मी वाचतो तेव्हा मला पहिल्यांदा हा डिंकाचा प्रयोग आठवतो.

मग पक्षी, सरडे, बेडूक?

त्यांच्यापुढे हे सोंग फुकट. पक्ष्याला एवढासा कोळी म्हणजे घासच. झोनोसेमाटाच्या प्रयोगातही नाकतोडे खाणाऱ्या खंडोबाच्या किड्यासारख्या किंवा सरड्यासारख्या इतर शिकाऱ्यांनी माशीला सरळ मटकावलं. हे सोंग एकाच प्रेक्षकासाठी आहे.

निरुपद्रवी किडे गांधीलमाशीसारखे दिसतात, तसलाच प्रकार ना हा?

जवळचा आहे, पण एक फरक आहे. हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनमधल्या फुलपाखरांवरून १८६२ मध्ये जी नक्कल मांडली तिच्यात तीन पात्रं असतात: नक्कल करणारा, ज्याची नक्कल होते तो, आणि फसणारा. बेचव फुलपाखरू, त्याच्यासारखं दिसणारं चविष्ट फुलपाखरू, आणि दोघांनाही टाळणारा पक्षी. ब्रेंथियाच्या गोष्टीत दोनच पात्रं आहेत. ज्याचं सोंग घ्यायचं, त्यालाच फसवायचं. शिकाऱ्याला त्याच्याच रूपाची भीती घालायची.

नक्कल इतकी ढोबळ आहे. दोन लांब मिशा, सहा पाय, सगळं दिसतं. एवढ्यावर भागतं?

भागतं. कोळ्याला निवांत बसून तपासणी करायला वेळ नसतो. झेप घ्यायची की नाही हे थोडक्या वेळात ठरवायचं असतं, आणि चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. अशा वेळी तो दोन-चार ठळक खुणांवर विसंबतो. त्या खुणा पटल्या की बाकीचं रंगवण्यावर निवडीचा फारसा दाब उरत नाही. शिवाय माणसाला "ढोबळ" वाटणं हा निकषच नाही. आपल्याला हुबेहूब वाटणारी कितीतरी चित्रं कोळ्याला काहीच सांगत नसतील.

ठिपक्यांची ती धातूसारखी चमक कशाने येते?

रंगद्रव्याने नाही, खवल्याच्या रचनेने. खवला म्हणजे नुसता सपाट पापुद्रा नसतो. त्यात अतिशय पातळ थर आणि वर उभ्या कडा असतात. थरांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या घरात असल्याने वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून काही रंग उठावदार होतात, काही मावळतात. तेलाच्या तवंगावर रंग दिसतात ते याच तत्त्वावर. म्हणूनच पतंग वळला की ठिपका क्षणात निळा, क्षणात रुपेरी, आणि एका कोनात चक्क विझलेला दिसतो. तपकिरी आणि काळा भाग मात्र रंगद्रव्याचा, तो कुठूनही तसाच दिसतो. चमकता ठिपका उठून दिसायचा तर शेजारी प्रकाश शोषणारा काळा हवाच.

ही नक्षी कधी तयार होते?

कोषात. बाहेर पडताना पंख चुरगळलेले असतात, पण नक्षी पूर्ण झालेली असते. पंखांत द्रव भरून ते ताणले जातात आणि वाळतात. त्यानंतर त्यात भर पडत नाही, झीज मात्र होते.

अळीही कोळ्यासारखी दिसते का?

नाही, तिची तऱ्हा निराळी आणि माझ्या मते पतंगापेक्षा सरस. ब्रेंथियाची अळी पानावर विरळ रेशमी जाळी विणते आणि तिच्या आडोशाने पानाचा पृष्ठभाग कुरतडून खाते. त्याच पानाला ती एक आरपार भोक पाडून ठेवते आणि त्याच्या आसपासच राहते. जाळीच्या धाग्याला धक्का बसला किंवा तिच्या अंगावरच्या लांबच लांब केसांना काही लागलं, की ती क्षणार्धात भोकातून पानाच्या दुसऱ्या बाजूला पसार होते. धागे म्हणजे धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, केस म्हणजे तिची दुसरी फळी. रोटा आणि वॅग्नर यांनीच २००८ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. शिकारी पानाच्या या बाजूला शोधत राहतो आणि अळी पलीकडे.

पिकांना याचा त्रास होतो का?

ब्रेंथिया हेक्सासेलेना जंगलातला पतंग आहे, शेतकऱ्याचा शत्रू नाही. याच कुळातला कोर्यूटिस पारियाना मात्र सफरचंदाच्या पानांची चाळण करतो आणि थंड प्रदेशात त्याला कीड म्हणून ओळखतात.

पंखांवर अशी चित्रं असलेले आणखी पतंग आहेत का?

आहेत, पण सगळ्यांना एकाच तराजूत तोलू नका. थायलंडमधल्या सियामुसोटिमा अरानिया या पतंगाचं वर्णन २००५ मध्ये झालं. त्याच्या पंखांवरची नक्षी कोळ्यासारखी दिसते म्हणून नावातच कोळी आला. मॅक्रोसिलिक्स माया या आशियाई पतंगाच्या पंखांवर तर दोन माश्या विष्ठेवर बसल्यासारखं दृश्य दिसतं. पेट्रोफिला गटातल्या पतंगांच्या मागच्या पंखाच्या कडेला चमकत्या काळ्या ठिपक्यांची ओळ असते आणि तीही उडी मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यांची आठवण करून देते.

गोनियुरेलिया ट्रायडेन्स या माशीचे फोटोही फार फिरतात, "पंखांवर दोन मुंग्या" म्हणून. दिसतात खऱ्या. पण माणसाला ढगातही चेहरे दिसतात. आपल्याला मुंगी दिसली यावरून भक्षकालाही मुंगीच दिसते असं ठरत नाही. अशा प्रत्येक दाव्याला एकच प्रश्न विचारावा: हे कोणाच्या डोळ्यांसाठी आहे, आणि त्याला दाखवून पाहिलं का? ब्रेंथियाच्या बाबतीत उत्तर आहे. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी अजून फक्त सुंदर फोटो आहेत.

फोटो काढायचा तर काय लक्षात ठेवावं?

वरून काढू नका. वरून तो नुसता नक्षीदार पतंग दिसतो. कॅमेरा पानाच्या पातळीला आणा, म्हणजे उचललेले पंख आणि बाहेर आलेली पट्टेरी कड एकत्र येतात. थेट फ्लॅशने चमकते ठिपके पांढरेफटक पडतात, त्यापेक्षा प्रकाश बाजूने आणि पसरवून टाका. आणि जमलं तर फोटोच्या आधी व्हिडिओ घ्या, कारण अर्धं सोंग चालीत आहे. तो उडाला तर घाईने मागे जाऊ नका. हे पतंग पुष्कळदा जवळच्याच पानावर उतरतात.

हात लागला तर पंख खराब होतो का?

होतो. खवले बोटाला भुकटीसारखे चिकटून येतात आणि पुन्हा उगवत नाहीत. एवढ्या छोट्या पंखावर चुटकीसरशी आख्खा "डोळा" पुसला जाऊ शकतो.

जुन्या नमुन्यांचे रंग उडतात का?

तपकिरी आणि पिवळट छटा उजेडात हळूहळू फिक्या पडतात, म्हणून नमुन्यांच्या पेट्या अंधारात ठेवतात. चमकते ठिपके मात्र रचनेमुळे रंगीत असल्याने खवले जागेवर असेपर्यंत टिकतात. शतकभर जुन्या नमुन्यावर जमीन विटलेली आणि ठिपका मात्र लखलखीत असं चित्र दिसलं तर ते बनावट समजू नका. तो कुठे दिसत नसेल तर नमुना दिव्याखाली थोडा फिरवून बघा.